टेलिफोनच्या सामानावर चाललेली छोटी रेल्वे : टेक मॉडेल रेलरोड क्लबचा पुरवठा-इतिहास

संगणकाच्या इतिहासावरील बहुतेक पुस्तकांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेतील एका विद्यार्थी मंडळाचा उल्लेख येतो. मंडळाचे नाव टेक मॉडेल रेलरोड क्लब, स्थापना १९४६. छोट्या प्रतिकृतींची रेल्वे चालवणाऱ्या या मुलांतूनच पुढे ‘हॅकर’ म्हणून ओळखली जाणारी पहिली पिढी निघाली, असे सांगितले जाते. ही कथा सहसा व्यक्तींची म्हणून सांगतात : अमुक मुलगा किती हुशार होता, तमुक रात्रभर कसा जागत असे. या टिपणात आपण एक साधा, काहीसा दुकानदारी प्रश्न विचारणार आहोत. या मुलांना विजेचे सामान कुठून मिळाले? एका खोलीत शेकडो रिले, स्विच, डायल आणि मैलोगणती तार आली कशी, पैसे कोणी मोजले, आणि दुसरेच सामान मिळाले असते तर त्यांनी दुसरेच काही बांधले असते का?

तंत्रज्ञानाच्या इतिहासात कल्पनेचा माग बराच काढला जातो, पुरवठ्याचा फारसा नाही. या उदाहरणात मात्र पुरवठ्याने कल्पनेला आकार दिला, असे माझे मत आहे. ते पटते की नाही हे वाचकांनी पुढील तपशिलावरून ठरवावे.

छोट्या रेल्वेला इतकी वीज कशाला?

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. प्रतिकृती रेल्वेचे अनेक आकार आहेत. या क्लबची मांडणी ‘एचओ’ या प्रमाणात होती, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७. अशा गाडीच्या इंजिनात लहान विद्युत मोटार असते आणि तिला वीज रुळांतूनच मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि त्यांच्यात साधारण १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश दाब. दाब वाढवला की गाडी वेगाने धावते, दोन रुळांची ध्रुवता उलटवली की मागे जाते. एका गाडीसाठी एवढे पुरते. एक ट्रान्सफॉर्मर, एक रेक्टिफायर, वेग कमीजास्त करण्याचा एक नॉब, झाले.

अडचण दुसरी गाडी आणली की सुरू होते. दोन्ही गाड्या त्याच रुळांवर उभ्या असल्या तर एकीला दिलेली वीज दुसरीलाही मिळते. एक पुढे काढली की दुसरीही निघते. यावर त्या काळचा उपाय म्हणजे रुळांचे तुकडे करणे. ठरावीक अंतरावर रूळ कापून मध्ये विद्युतरोधक ठेवायचा. प्रत्येक तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, विजेच्या दृष्टीने स्वतंत्र होतो. मग प्रत्येक ब्लॉक कोणत्या चालकाच्या नॉबला जोडायचा हे स्विचने ठरवायचे.

आता हिशेब करा. पाच चालक आहेत आणि वीस ब्लॉक. कोणताही चालक कोणत्याही ब्लॉकला जोडता आला पाहिजे, म्हणजे शंभर संभाव्य जोडण्या. शिवाय गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये शिरण्याआधी तो ब्लॉक तिच्या चालकाकडे आलेला असावा लागतो, मागचा ब्लॉक मोकळा व्हावा लागतो आणि एकच ब्लॉक दोन चालकांना मिळता कामा नये. घरच्या लहान मांडणीत हे काम हाताने फिरवायच्या स्विचांनी होते. मोठ्या मांडणीत माणूस गाडी चालवण्याऐवजी स्विच फिरवत बसतो.

हे सामान बाजारात होते का? काही होते. न्यूयॉर्कची लायोनेल कंपनी १९०० पासून होती आणि तिच्या तीन रुळांच्या गाड्या अमेरिकेत घरोघरी होत्या. पण त्या खेळणी होत्या. प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी मंडळींचा व्यवसाय १९३० च्या दशकात मिलवॉकी शहराभोवती उभा राहिला. विल्यम वॉल्थर्स या विद्युत अभियंत्याने १९३२ मध्ये तेथे टपालाने सामान विकायला सुरुवात केली, आणि त्याच्या पहिल्या सूचिपत्रात रूळ व कपलिंगबरोबर विजेचे सामानही होते. १९३४ मध्ये त्याच शहरातून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघू लागले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि रूळ, चाके यांची मापे ठरली. एका निर्मात्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालू लागली ती या मापांमुळे.

तरीही या बाजारात मिळत होते ते एका माणसाच्या तळघरातील मांडणीला पुरेल असे. शंभर जोडण्या आपोआप सांभाळणारे यंत्र कोणाच्याही सूचिपत्रात नव्हते. तसे यंत्र जगात एकाच धंद्यात लाखोंच्या संख्येने तयार होत होते, आणि तो धंदा रेल्वेचा नव्हता.

टेलिफोन एक्स्चेंज आणि रेल्वे यार्ड

टेलिफोन एक्स्चेंजचे काम काय? अनेक ग्राहक आहेत आणि मधल्या वाटा मोजक्या आहेत. कोणालाही कोणाशीही जोडता आले पाहिजे. एकदा जोडलेली वाट दुसऱ्या कोणाला मिळता कामा नये आणि बोलणे संपले की ती मोकळी झाली पाहिजे. वर लिहिलेल्या रेल्वेच्या अडचणीत ‘चालक’ आणि ‘ब्लॉक’ हे शब्द काढून ‘ग्राहक’ आणि ‘वाट’ हे शब्द घातले की तेच गणित उरते.

हे काम आधी मुली हाताने दोऱ्या खोचून करत. ते यंत्राकडे सोपवण्याचे श्रेय आल्मन स्ट्रोजर यांना जाते. हे गृहस्थ कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करत. स्थानिक ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय होता, अशी आख्यायिका आहे. संशय खरा असो वा नसो, १८९१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. स्ट्रोजर पद्धतीत डायलचा प्रत्येक ठोका एका दांड्याला एकेक पायरी सरकवतो. पाच फिरवले की पाच पायऱ्या. म्हणून या यंत्राला ‘स्टेपिंग स्विच’ म्हणतात.

दुसरा प्रकार क्रॉसबार. बेल कंपनीने मोठ्या शहरासाठी असे पहिले एक्स्चेंज १९३८ मध्ये ब्रुकलिन येथे बसवले. क्रॉसबार स्विच म्हणजे आडव्या आणि उभ्या मार्गांची चौकट. बेलचा नेहमीचा नमुना २० उभ्या आणि १० आडव्या मार्गांचा, म्हणजे २०० छेदबिंदूंचा होता. विद्युतचुंबकाने एक आडवी पट्टी हलते, दुसऱ्याने एक उभी, आणि दोन्ही जिथे छेदतात तेवढ्याच जागचे संपर्क मिटतात. प्रत्येक छेदबिंदूवर एकाच वेळी अनेक तारा जोडल्या जातात. पाच चालक आणि वीस ब्लॉक यांचा वरचा हिशेब अशा एका चौकटीत मावतो आणि अर्धी चौकट रिकामी राहते.

विद्युतशास्त्र शिकणाऱ्यांना येथे क्लॉड शॅनन यांची आठवण होईल. १९३७ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या पदव्युत्तर प्रबंधात त्यांनी दाखवले की रिलेंची मंडले बूलच्या बीजगणिताने मांडता येतात. संपर्क मिटला तर एक, उघडा तर शून्य. दोन संपर्क ओळीने जोडले तर ‘आणि’, समांतर जोडले तर ‘किंवा’. पुढे बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना, १९५० च्या सुमारास, त्यांनी भुलभुलैयातून वाट शोधणारा खेळण्यातील उंदीर बनवला. त्याची ‘स्मरणशक्ती’ टेलिफोनच्या रिलेंची होती. म्हणजे टेलिफोनचे सामान खेळण्यासाठी वापरणारे आपले विद्यार्थी काही पहिले नव्हेत. फरक एवढाच की शॅनन टेलिफोन कंपनीचे नोकर होते आणि सामान त्यांच्या हाताशी होते.

जे विकत मिळत नव्हते

एखाद्या विद्यार्थ्याला १९५० साली बेलचा क्रॉसबार स्विच विकत घ्यायचा असता तर? दुकानात तो मिळत नव्हता. अमेरिकेतील टेलिफोनचा बहुतांश कारभार एटी अँड टी या कंपनीच्या बेल व्यवस्थेकडे होता. तिचे सामान तिचीच उपकंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिक बनवी आणि ते मुख्यतः बेल व्यवस्थेलाच जाई. ग्राहकाच्या घरातील फोनसुद्धा कंपनीच्या मालकीचा. ग्राहक भाडे देई. त्या तारेला परका डबा जोडायलाही बंदी होती आणि ती १९६८ च्या कार्टरफोन निर्णयानंतरच सैल झाली. सरकारने १९४९ मध्ये या मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. १९५६ च्या तडजोडीत वेस्टर्न इलेक्ट्रिक फोडली गेली नाही. तिने बेलसाठी आणि सरकारसाठी माल बनवण्यापुरतेच राहावे असे ठरले.

तेव्हा जगातील सर्वांत पक्के, वर्षानुवर्षे चालेल असे स्विचिंगचे सामान अमेरिकेतच ढिगाने तयार होत होते आणि हौशी माणसासाठी त्याला बाजारभाव नव्हता. अशा वस्तू बाहेर येण्याच्या वाटा तीन : भंगार, देणगी आणि चोरी. या क्लबच्या कथेत तिन्ही आहेत.

भंगाराची वाट युद्धाने रुंद केली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन लष्कराकडे रेडिओ, रडार, मोटारी, मीटर, रिले, तार यांचे डोंगर पडून होते. सरकारने ते लिलावात आणि ठोक भावाने काढले. न्यूयॉर्कमध्ये कोर्टलंड स्ट्रीटच्या परिसरात १९२० च्या दशकापासून रेडिओच्या दुकानांची पेठ होती. लोक तिला ‘रेडिओ रो’ म्हणत. युद्धानंतर तिथे लष्करी माल पदपथापर्यंत रचलेला असे. (हीच पेठ १९६६ पासून पाडली गेली आणि त्या जागी वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिले.) मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड ज्यांनी पाहिला आहे त्यांना अशा पेठेचे चित्र समजावून सांगायला नको : वस्तू नावाने मागायची नसते, खोक्यात हात घालून ओळखायची असते.

देणगीची वाट जास्त महत्त्वाची ठरली. वेस्टर्न इलेक्ट्रिकची महाविद्यालयांना सामान भेट देण्याची योजना होती, आणि क्लबचे बरेचसे टेलिफोन सामान त्याच योजनेतून आले. ते क्लबपर्यंत पोहोचले ते एका योगायोगाने : क्लबचे सल्लागार प्राध्यापक एमआयटीच्या आवारातील टेलिफोन व्यवस्थेचेही प्रमुख होते. मला ही बाब सगळ्या कथेत निर्णायक वाटते. त्यांच्या जागी दुसरे कोणी, समजा रसायनशास्त्राचे प्राध्यापक, सल्लागार असते तर? मुले तितकीच हुशार असती, पण त्यांच्या खोलीत क्रॉसबार नसता.

कंपनी सामान का वाटत होती? शुद्ध दानत म्हणून नक्कीच नव्हे. ज्या संस्थांतून तिला अभियंते मिळत, तेथील मुलांचे हात तिच्याच रिलेंवर बसावेत यात तिचे हित होते. जिथे विक्री जवळपास बंद, तिथे देणगी हाच आपली पद्धत शिकवण्याचा मार्ग.

हे रिले बनवत कोण होते, तेही पाहून ठेवू. मानसशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकलेल्यांना शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग माहीत असतात. तो कारखाना वेस्टर्न इलेक्ट्रिकचाच. १९२७ मध्ये तिथे काही तरुण कामगार स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांती, वेळ आणि मजुरीचा उत्पादनावरील परिणाम मोजला गेला. त्या स्त्रिया जुळवत होत्या ते टेलिफोनचे रिले. रिले जुळवणाऱ्या स्त्रियांची पाठ्यपुस्तकांत नोंद आहे ती प्रयोगाचा विषय म्हणून. रिलेंशी खेळणाऱ्या मुलांची नोंद आहे निर्माते म्हणून. क्लबच्या कथेत नेहमी घेतल्या जाणाऱ्या नावांत एकही स्त्री नाही, आणि त्या काळी एमआयटीत विद्यार्थिनीच अगदी थोड्या होत्या.

इमारत क्रमांक २०

क्लबची खोली होती ‘इमारत क्रमांक २०’ मध्ये. १९४३ मध्ये रडार संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली ही लाकडी इमारत. युद्ध संपल्यावर पाडायची असे ठरले होते. ती पाडली १९९८ मध्ये. या इमारतीत भिंतीला भोक पाडायला, छतातून तार न्यायला कोणाची परवानगी लागत नसे, असे तिथे काम केलेल्या अनेकांनी सांगितले आहे. पक्क्या इमारतीत, गुळगुळीत भिंतींत, हा क्लब वाढला असता का हा प्रश्न रास्त आहे. सामान मिळणे पुरेसे नसते. ते पसरायला जागा लागते आणि ती वर्षानुवर्षे कोणी मागू नये लागते.

मंडळात दोन तट होते. एकाला वरची दुनिया प्रिय : डोंगर, घरे, हुबेहूब रंगवलेले डबे, जुन्या रेल्वे कंपन्यांचा इतिहास. दुसऱ्याला टेबलाखालची. या दुसऱ्या गटाचे नाव ‘सिग्नल व वीज उपसमिती’. वर गाड्या गावांमधून फिरत असत आणि खाली रिलेंच्या रांगा, रंगीत तारांचे जुडगे आणि टेलिफोनचे स्विच खटखटत असत. या खालच्या यंत्रणेला ते नुसते ‘सिस्टिम’ म्हणत. चालकाने टेलिफोनच्या डायलवर आकडे फिरवून आपल्याला हवा तो ब्लॉक मागायचा. स्विच पायरी पायरीने सरकत आणि त्या ब्लॉकची वीज त्याच्या नॉबकडे येई. वीज एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जाताना कानांनी ऐकू येई. १९६२ पर्यंत या यंत्रणेत सुमारे १२०० रिले होते.

खोलीत जागोजागी आणीबाणीचे खटके बसवले होते. गाडी आदळणार असे दिसले की जवळचा खटका मारायचा. सगळे थांबे, आणि नियंत्रण फलकावरील घड्याळात वेळेऐवजी ‘एफ-ओ-ओ’ ही तीन अक्षरे दिसत. म्हणून ते खटके ‘फू’ स्विच. प्रोग्रामिंग शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आज उदाहरणात चलाला ‘फू’ नाव देतो. हा शब्द क्लबने जन्माला घातला नाही, विनोदी चित्रमालिकांत तो आधीपासून होता. पण तो संगणकाच्या बोलीत येण्याची एक वाट या खोलीतून गेली. पीटर सॅमसन या सदस्याने १९५९ मध्ये मंडळाच्या बोलीचा छोटा कोशच केला. त्यात ‘हॅक’ हा शब्दही आहे. एमआयटीत हा शब्द आधी मिश्किल उचापतींसाठी चाले. क्लबमध्ये त्याला विशेष अर्थ आला : उपयोगापेक्षा करण्याच्या आनंदासाठी केलेली, पण तांत्रिकदृष्ट्या देखणी अशी करामत.

येथे पुरवठ्याकडे पुन्हा वळू. दान आलेले सामान निवडून घेता येत नाही. तुम्हाला दहा संपर्कांचा रिले हवा असतो आणि पेटीत निघतात चार-चार संपर्कांचे. टेलिफोन एक्स्चेंजचे सामान ४८ व्होल्टवर चालते, गाडी १२ वर. बोलण्याचा प्रवाह अगदी थोडा, मोटारीचा त्याहून कितीतरी जास्त. अशा अडचणीतून बाहेर पडायचे तर सूचिपत्र उपयोगी नाही, मंडलाचे तर्कशास्त्र कळावे लागते. कमीत कमी रिलेंत तेच काम कसे होईल, एक संपर्क दोन ठिकाणी कसा वापरता येईल, हा विचार रोजचा होतो. पुढे हीच मुले संगणकाच्या प्रोग्राममधून एकेक सूचना कमी करण्यात रात्री घालवू लागली, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही. सवय तीच, फक्त रिलेची जागा सूचनेने घेतली.

मध्यरात्रीची मागणी

तिसरी वाट चोरीची म्हटली, ती थोडी सविस्तर पाहायला हवी. एखादा डायोड किंवा दोन जास्तीचे रिले हवे असत तेव्हा मंडळी रात्र होण्याची वाट पाहत आणि जिथे असे सामान ठेवलेले असे तिथे जाऊन घेऊन येत. याला त्यांनी थाटाचे नाव ठेवले होते : मध्यरात्रीची मागणी समिती. लष्करात आणि कार्यालयांत सामानासाठी मागणीपत्र भरतात, त्याची ही थट्टा. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात हे किस्से कौतुकाने येतात, आणि कुलूप ही अडवणूक आहे, साधने खुली असावीत, ही पुढे ‘हॅकर नीती’ म्हणून गाजलेली भूमिका त्यांच्याशी जोडली जाते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन गोष्टी कराव्यात. पहिली, पुराव्याचे वय पाहावे. लेव्ही यांनी या लोकांशी बोलून पुस्तक लिहिले तेव्हा घटनांना वीस-पंचवीस वर्षे झाली होती. बोलणारे यशस्वी झालेले होते. यशस्वी माणसाची तरुणपणीची चोरी खोडकर वाटते. सॅमसनचा १९५९ चा कोश त्या मानाने मोलाचा, कारण तो त्याच वेळी लिहिलेला आहे आणि पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हते.

दुसरी, कुलूप कोणाचे आणि आत शिरणारा कोण हे पाहावे. ज्या आवारात महागडी उपकरणे कोपऱ्यात पडलेली असतात, जिथे हिशेब सैल असतो कारण पैसा लष्कराच्या करारांतून येत असतो, आणि पकडलेला मुलगा एमआयटीचा विद्यार्थी असतो, तिथे ‘साधने खुली असावीत’ हे तत्त्व पाळणे स्वस्त असते. त्याच शहरातील एखाद्या कामगाराच्या मुलाने तेच रिले उचलले असते तर त्याला ‘समिती’ म्हणाले नसते. एवढ्याने त्या तत्त्वाची किंमत शून्य होते असे नाही. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत त्याने खरे काम केले. पण ते टंचाईतून नव्हे, सुबत्तेच्या शेजारी राहण्यातून जन्मले, ही नोंद राहावी.

टेबलाखालून संगणकाकडे

१९५८ मध्ये टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरांवर चालणारा संगणक लष्करी संशोधनाच्या लिंकन लॅबोरेटरीतून एमआयटीत आणला गेला. तोही एका अर्थी वापरून झालेले सामान. जॅक डेनिस हे क्लबचे जुने सदस्य आता त्या विभागात शिकवत होते. त्यांनी क्लबच्या मुलांना तो यंत्रासमोर बसून वापरू दिला. त्या काळी विद्यार्थ्याने संगणकाला हात लावणे ही मोठी गोष्ट होती. नेहमीची रीत म्हणजे छिद्रपत्रांचा गठ्ठा खिडकीतून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचे. १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपला पीडीपी-१ संगणक एमआयटीला भेट दिला. पुन्हा देणगी, पुन्हा तरुणांचे हात आपल्या यंत्रावर बसावेत हा हिशेब.

त्या पीडीपी-१ वर १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. दोन अवकाशयाने, मध्ये सूर्याचे गुरुत्वाकर्षण, एकमेकांवर मारा. खेळाडू यंत्राच्या फलकावरील छोटे खटके दाबत आणि थोड्याच वेळात कोपर दुखू लागत. तेव्हा अॅलन कोटोक आणि रॉबर्ट सॉन्डर्स हे दोघे क्लबच्या खोलीत गेले आणि तिथे पडलेले लाकूड, तार, बेकेलाइट आणि स्विच जुळवून दोन वेगळे नियंत्रण-डबे बनवून आणले. संगणक खेळासाठी हातात धरायचे नियंत्रक आज कोट्यवधींनी विकले जातात. त्यांच्या या आद्य नमुन्याचा पुरवठादार छोट्या रेल्वेचा अडगळीचा खण होता.

यावरून क्लब नसता तर संगणक खेळ झाले नसते असा निष्कर्ष काढू नये. कारणांची साखळी इतकी सरळ नसते. एवढेच म्हणता येईल की ज्यांच्याजवळ सुटे भाग आणि ते जोडण्याची सवय होती, त्यांना दुखऱ्या कोपरावर एका बैठकीत उपाय सापडला.

सामानाचा काळ संपतो

बेलने १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सकासुना येथे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केले आणि क्रॉसबारचे दिवस मोजले जाऊ लागले. १९७० च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंटने क्लबला दोन पीडीपी-११ संगणक दिले. एकाकडे पुढे मालगाड्यांच्या यार्डाचे काम आले, दुसऱ्याकडे गाडी कोणत्या चालकाला द्यायची आणि सांधे कसे बदलायचे हे काम. पण चालकाचा नॉब रुळाला प्रत्यक्ष जोडण्याचे काम कितीतरी वर्षे जुन्या टेलिफोन स्विचांकडेच राहिले. संगणक विचार करी, क्रॉसबार हात हलवी. संपर्क साफ करत राहावे लागत, दुरुस्ती संपत नसे, तरी ते चालले, कारण बदली सामान विकत घ्यायला पैसे लागले असते.

आपल्याकडे टेलिफोनची ही स्थित्यंतरे उशिरा आणि वेगळ्या क्रमाने झाली. १९४८ मध्ये स्थापन झालेली बेंगळुरूची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरुवातीला स्ट्रोजर पद्धतीचे सामान बनवी. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली आणि तिच्या डिजिटल एक्स्चेंजांनी जुनी यंत्रे हळूहळू बाजूला सारली. खऱ्या भारतीय रेल्वेतही अनेक स्थानकांवर सांधे आणि सिग्नल यांचा मेळ रिलेंच्या खोलीतून राखला जात आला आहे आणि तिथेही आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येत आहे. तांत्रिक संस्थेत शिकणाऱ्या कोणाला जवळच्या स्थानकावर अशी रिले-खोली परवानगीने पाहता आली तर जरूर पाहावी. आवाज ऐकण्यासारखा असतो.

हौशी रेल्वेवाल्यांच्या बाजारातही बदल झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मॉडेल रेलरोडर’चे लिन वेस्टकॉट ट्रान्झिस्टर वापरून गाडी ओळखणारी आणि वेग सांभाळणारी मंडले वाचकांना शिकवत होते. सुटे ट्रान्झिस्टर तोवर दुकानात मिळू लागले होते, हे त्यामागचे कारण. मग १९९० च्या दशकात डिजिटल नियंत्रणाचे प्रमाण ठरले. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेल्या या पद्धतीत सर्व रुळांत सतत वीज असते, हुकूम त्याच रुळांतून सांकेतिक रूपात जातात आणि प्रत्येक इंजिनातील छोटा डीकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम पाळतो. चालक आणि ब्लॉक यांच्या शंभर जोडण्यांचा प्रश्नच त्यामुळे मावळला. डीकोडर पाकिटातून येतो, तो उघडून आत पाहण्याचे कारण पडत नाही.

इमारत क्रमांक २० रिकामी करताना क्लबलाही निघावे लागले. जुनी मांडणी आणि तिच्याखालची टेलिफोनची ‘सिस्टिम’ तिथेच संपली. नव्या जागेत मंडळाने मांडणी पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. पाकिटातील डीकोडर मात्र त्यांनी घेतले नाहीत. रुळांचे ब्लॉक ठेवले, आणि ते सांभाळण्यासाठी काही डझन मायक्रोकंट्रोलर व वर एक लिनक्सचा संगणक अशी यंत्रणा स्वतःच रचली.